श्रीच्या वरचा दिवा

माझा राग नाकावर असतो हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. अंधेरीच्या कंपनीत मात्र तो मी सहा महिने दाबून ठेवला होता, कारण सहा महिने मी प्रोबेशनवर होते. बाबांची गिरणी बंद पडलेली, कांदिवलीच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं, आणि पगार आणणारी मी एकटी. मी पर्मनंट झाले नाही तर काय, हा प्रश्न घरात कोणी विचारत नसे. आई फक्त रोज डबा हातात देताना "आज काही कळलं का?" म्हणायची.

कंपनी म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक गाळा. खालच्या मजल्यावर प्लास्टिकच्या बादल्या निघायच्या, वर आम्ही कॉम्प्युटर बनवायचो. चपला काढून आत जायचं, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही. बादल्यांचा वास त्याला चालत असावा. मशीन सुरू केलं की त्याच्या पोटातला मुख्य प्रोग्रॅम आधी जागा होतो आणि मग बाकीच्यांना उठवतो. त्याला कर्नेल म्हणतात. ते कर्नेल लिहायचं काम माझ्याकडे होतं.

नोकरीच्या पहिल्या दिवशी बाबांनी बजावलं होतं, "नवीन काम आहे, पहिल्यांदा श्री लिही." म्हणून मी कर्नेलच्या पहिल्याच ओळीत सांगून टाकलं, स्क्रीनवर श्री छाप. इंग्रजी अक्षरांत, कारण त्या स्क्रीनला दुसरी येत नव्हती. सकाळी मशीन लावलं की सगळ्यात आधी श्री उमटायचा आणि आमचे साहेब अनवाणी उभे राहून हात जोडायचे. सगळं झकास चाललं होतं.

मग हार्डवेअरवाल्याने मशीनच्या चिपा बसतात तो बोर्ड नवीन तयार केला. हा वर्सोव्याचा कोळी, माझ्याच वयाचा, बोर्डावर काम करताना गुणगुणायचा आणि डब्यात रोज सुके बोंबील आणायचा. नव्या बोर्डावर माझं कर्नेल चढवलं, बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळी. चार सेकंदांनी मशीन आपोआप बंद होऊन परत सुरू. परत काळी. परत बंद. खरं तर कर्नेलचं काही बिनसलं तर मरता मरता ते स्क्रीनवर कारण लिहून जातं. हे मेलं एक अक्षर बोलत नव्हतं.

साहेबांनी मला बोलावलं. "शनिवारी गिऱ्हाईक बघायला येणार आहे. मशीन उठलं तर तुमचं पर्मनंटचं पत्र तयार आहे. नाही उठलं तर... तुम्ही समजूतदार आहात." मी अजिबात समजूतदार नाही. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

बोर्डाच्या कोपऱ्यात एक लाल दिवा होता, त्याला स्क्रीनची गरज नव्हती. मी प्रोग्रॅमच्या मध्यावर तो दिवा लावायची ओळ घातली. दिवा लागला तर घोटाळा पुढे, नाही लागला तर मागे. दर वेळी नवीन कर्नेल तयार व्हायला पाऊण तास. दिवा लागला नाही. ओळ वर सरकवली, पाऊण तास, नाही लागला. आणखी वर. शेवटी अगदी श्रीच्या खाली घातली. तरी नाही!

"बघ!" मी ओरडलेच. "माझं कर्नेल सुरूच होत नाही. तुझाच बोर्ड खराब!"

"माझा बोर्ड? येडी झालीस काय?" तो म्हणाला. पण दिवा काही लागला नव्हता. बिचाऱ्याने दोन दिवस बसून अर्ध्या चिपा काढून नव्या लावल्या. मी शेजारी उभी राहून त्याला वाट्टेल ते बोलत होते. सहा महिन्यांचा साठा होता.

शुक्रवारी दुपारी तो डबा उघडून बसला आणि म्हणाला, "तुझा प्रोग्रॅम दाखव."

मी कागद पुढे टाकला. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. "ही दिव्याची ओळ. याच्या वर काय आहे?"

"काही नाही. श्री आहे."

"मग दिवा त्याच्या वर घाल ना."

"श्रीच्या वर?" मी म्हणाले. "श्रीच्या वर कोणी काही लिहितं का रे?"

तो खरं ते बोलला, "नाही लिहीत."

आम्ही दोघं शिकलीसवरली माणसं त्या कागदाकडे बघत बसलो. शेवटी त्याने बोंबील तोंडात टाकला. "माझ्या नावाने घाल. पाप लागलं तर मला लागेल."

घातली. पाऊण तास. दिवा लागला.

जुना बोर्ड कर्नेलच्या आधी स्वतःच स्क्रीन तयार करून ठेवायचा. नव्याने ते काम कर्नेलवर सोडलं होतं, आणि माझी स्क्रीन तयार करायची ओळ श्रीच्या दहा ओळी खाली होती. तयार नसलेल्या स्क्रीनवर श्री लिहायला जाऊन कर्नेल आपटत होतं, आणि आपटल्याचं कारणही त्याच स्क्रीनवर लिहायला जाऊन परत आपटत होतं. मला हसू आलं आणि मग भयंकर लाज वाटली. सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "सॉरी तुझ्याकडे ठेव. त्या नव्या चिपा काढून जुन्या परत लावायला बस माझ्यासोबत."

शनिवारी मशीन उठलं. श्री जरा उशिरा उमटला, साहेबांचे हात तेवढा वेळ तसेच जोडलेले. गिऱ्हाईक गेल्यावर साहेबांनी विचारलं, "बोर्डातच दोष होता ना?"

हो म्हणणं फार सोपं होतं. हार्डवेअरवाला बाजूलाच उभा होता, खाली मान घालून. मी म्हटलं, "नाही साहेब. माझ्या प्रोग्रॅमात होता." आणि कागद दिला.

साहेबांनी तो नीट वाचला. बराच वेळ. "मी तरी," ते म्हणाले, "श्रीच्या वर कुठे शोधलं असतं?"

घरी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, पाट मांडायच्या आधीच गणपती बसवायला गेलीस?" मग काळजीने, "काढून नाही ना टाकलास?"

"नाही. खाली घेतला."

सोमवारी पत्र मिळालं. पूर्ण इंग्रजीत होतं. मी वाचून दाखवलं तेव्हा आईने पदर डोळ्याला लावला. पत्राच्या माथ्यावर कंपनीचं नाव छापलेलं, त्याच्या वर बोटभर जागा कोरी. बाबांनी चष्मा लावला, माझं पेन मागून घेतलं आणि त्या जागेवर नेऊन थांबले.

"इथे चालेल ना गं?"

मी मान हलवली. बाबांनी कंपनीच्या नावाच्या वर श्री लिहिला.