उमेशचा साहेब

उमेशला राग यायचा तो दोनच गोष्टींचा. चहात साखर कमी पडली तर, आणि 'फजितवाडी'नं भिकार नक्कल केली तर. पहिला राग त्याची बायको पुष्पलता चमचाभर साखरेत मिटवायची. दुसऱ्यावर औषध नव्हतं.

'फजितवाडी' हे टीव्हीवरचं जुनं कार्टून. एका वाडीतली विचित्र माणसं दर रविवारी कुठल्या तरी सिनेमाची नाहीतर मालिकेची टर उडवणार, असा त्याचा थाट. बरोबरीची पोरं मोठी झाली, बाप झाली, तरी हे चालूच. त्यांनी ते बघायचं कधीच सोडलं. उमेशनं सोडलं नाही. तालुक्याच्या कचेरीत कारकून झाला, डोक्यावरचे केस गेले, तरी मोबाइलवर नवा भाग आला की हा गडी भिंतीला पाठ टेकून बसायचा आणि भाग संपला की घरच्यांना धारेवर धरायचा.

"डाकूचा भाग आठवतो का?" तो हर्षालीला विचारायचा. लेक कॉलेजात होती, तिला तो भाग पाठ होता, पण बापाला सांगू द्यायची. "डाकू ऐटीत घोड्यावरून उतरतो, आणि घोडा बांधायला त्या माळावर झाडच नाही! मग बिचारा सगळा दरोडा एका हातात लगाम धरून घालतो. ज्यानं डाकूचे सिनेमे जीव लावून बघितलेत त्यालाच हे सुचेल. आणि आता? काळा गॉगल घातला, तोच डायलॉग म्हटला, केळ्याच्या सालीवरून पडला, झाली नक्कल! ज्याची नक्कल करायची त्याच्याकडे बघतच नाहीत मेले."

हे तो अधिकारानं बोलायचा, कारण नक्कल हा त्याचाही धंदा होता. धंदा म्हणजे पोटाचा नव्हे, मानाचा. खोडाळ्याच्या अलीकडं त्याचं गाव. तिथल्या बोहाड्यात देव-दैत्य मुखवटे घालून रात्रभर नाचतात, आणि उजाडल्यावर लोक चहा पीत बसले की हसवायला 'साहेब' येतो. हा साहेब उमेशचा. नोकरी लागायच्या आधी एका दाखल्यासाठी तो कचेरीच्या ओट्यावर दिवसेंदिवस बसला होता, आणि आतल्या कारकुनाकडं बघण्यापलीकडं त्याला काही काम नव्हतं. तो कारकून खण उघडायचा, आत बघायचा, हळहळायचा आणि खण बंद करायचा. उमेशनं तेवढंच बोहाड्यात करून दाखवलं. बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. तेव्हापासून साहेब त्याचा झाला.

यंदा बोहाडा तोंडावर आला तसे बोहाड्याचे जुने पंच ढवळूबाबा घरी आले. चहा घेतला, भाताची चौकशी केली, आणि उठता उठता म्हणाले, "उमेश, औंदा साहेब नको काढू. लोकं आता हसत नाय रं. तू आला की उठून तोंड धुवाया जातात."

उमेशनं मान डोलावली. नोकरी गेली असती तरी त्याला इतकं लागलं नसतं. त्या गावात त्याचं नाव निघायचं ते साहेबाच्या सोंगानं, आणि ते सोंगच लोकांना नकोसं झालं होतं.

"लोकांची आवडच बिघडली," तो त्या संध्याकाळी म्हणाला. "मोबाइल बघून बघून..."

पुष्पलता नाचणीच्या भाकरी थापत होती. तिनं हात धुतले. ती मवाळ बाई, पण खरं बोलायची वेळ आली की मागं सरत नसे. "एक विचारू? तुम्ही साहेबाकडं शेवटचं कधी बघितलं?"

"म्हणजे?"

"गेली कित्येक वर्षं तोच खण उघडताय. आता कुठल्या कचेरीत कुणी खण उघडतं? सगळं कॉम्प्युटरात. तुमच्या त्या कार्टूनवाल्यांसारखंच झालंय तुमचं. गॉगल घातला, झाली नक्कल."

उमेश चिडला. "मग आताचा साहेब कसा असतो, दाखव बघू."

पुष्पलतानं त्याचा चष्मा उचलून नाकावर चढवला आणि ती स्टुलावर बसली. समोर कुणी आलंय असं धरून, वर न बघता तिनं तळहात उभा केला. शिक्का डावीकडून उजवीकडं ठेवला, पुन्हा डावीकडं ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून सुस्कारा सोडला. आणि फार दयाळू आवाजात म्हणाली, "जेवून झाल्यावर या."

हर्षाली पोट धरून हसायला लागली. "पप्पा! अगदी पप्पा!"

"मी कुठं असं करतो?"

"तुम्ही डबा विसरला होता, तो द्यायला मी आले होते," पुष्पलता चष्मा काढत म्हणाली. "तासभर बाहेर बसले. मग समोर येऊन उभी राहिले, तर वर न बघता मलाही म्हणालात, जेवून झाल्यावर या. तुमचं जेवण माझ्याच हातात होतं."

उमेश आधी ओशाळला. मग त्याला हसू फुटलं, ते आवरेचना. डोळे पुसून तो बायकोला म्हणाला, "तो हात कसा उभा केलास, पुन्हा दाखव."

ढवळूबाबांच्या हातापाया पडून त्यानं एवढी एक खेप मागून घेतली.

बोहाड्याच्या सकाळी साहेबाचा मुखवटा आला तेव्हा निम्मे लोक उठायच्याच बेतात होते. संबळ वाजवणाऱ्या माघ्यानं नेहमीची उडती चाल धरली, पण हा साहेब नाचेचना. तो सावकाश चालत आला, स्टुलावर बसला, आणि शिक्का डावीकडून उजवीकडं ठेवला. माघ्यानं हात आवरला आणि एकेक ठोका देत राहिला. उठलेले लोक खाली बसले. कुणीतरी फिस्सकन हसलं.

बोहाड्यात सोंगापुढं येऊन कुणीही बोलावं, अशी रीत आहे. गर्दीतून काळी नावाची बाई पुढं आली. मजुरीवर जगणारी, एकटी राहणारी म्हातारी. कचेरीच्या ओट्यावर उमेशनं तिला कितीदा पाहिलं असेल, किंवा पाहिलं नसेल. तिनं हात जोडले. "साहेब, माजा घरकुलाचा काम..."

उमेशनं तळहात उभा केला, घड्याळाकडं बघितलं, सुस्कारा सोडला. आता शेवटचं वाक्य म्हणायचं होतं. पण त्यानं तोंड उघडायच्या आत अख्खं गाव, बाया, म्हातारे, चिल्लीपिल्ली, एका सुरात ओरडलं, "जेवून झाल्यावर याऽऽ!"

असा हशा त्या मांडवात कित्येक वर्षांत झाला नव्हता. ढवळूबाबांच्या हातातला चहा धोतरावर सांडला. सगळ्यात जास्त काळी हसत होती. मुखवट्याच्या आतल्या उमेशला वाटत होतं, हे वाक्य फक्त बायकोनंच टिपलंय. गावाला ते आधीपासून पाठ होतं.

मुखवटा उतरवून, देवीपुढं ठेवून तो तसाच काळीजवळ गेला आणि तिच्या शेजारी मातीत बसला. "आजे, घरकुलाचं काय ते सांग. सोमवारी मी स्वतः बघतो."

काळीनं पदरानं डोळे टिपले. हसून हसून तिला धाप लागली होती. "तो होय? तो काम कवाचा झाला. तुझ्याकडं येऊन येऊन दमली, मंग शेजारच्या जिव्यानं दुसऱ्या साहेबाला धरून करून आणला. घर पण झाला बांधून." तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू नको मनाला लावून घेऊ. तुझा सोंग लय बेस होता."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर उमेशला काहीतरी बोलता आलं असतं.