वायर पोचत नव्हती तिथलं गवत

मॅट्रिक झाल्यावर मी परळच्या एका क्लबात कारकून म्हणून चिकटलो. घर ठाकूरद्वारला, दोन खोल्यांचं. संध्याकाळी सुटलो की संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला जायचं आणि घसा बसेपर्यंत 'झालाच पाहिजे' ओरडायचं, हा नेम. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बसलेल्या घशाने मी सेक्रेटरीसाहेबांना 'येस सर' म्हणायचो. त्यात मला काही वावगं वाटत नसे. सभा ही सभा, नोकरी ही नोकरी.

क्लब म्हणजे एक बैठा बंगला, पुढे हिरवळ, मागे मोटारी उभ्या करायचं मैदान आणि चहूबाजूंनी गिरण्यांच्या चिमण्या. सभासदांत डॉक्टर, सॉलिसिटर आणि गिरण्यांतले वरचे साहेब. दारूबंदीचे दिवस होते, म्हणून बरेचजण प्रकृतीच्या कारणावरून परमिट काढून प्यायचे. प्रकृती बरी नाही असा दाखला देणारे डॉक्टरही त्यांच्याच टेबलावर प्यायला बसलेले असत. अध्यक्ष एका गिरणीचे मॅनेजर. त्यांच्या गिरणीची चिमणी आमच्या हिरवळीवर इतकी काजळी टाकायची की पांढरी विजार घालून बसलेला माणूस उठताना करडा होऊन उठे. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नसे. चिमणी धूर ओकतेय म्हणजे गिरणी चालू आहे, आणि गिरणी चालू आहे म्हणजे जगाचं बरं चाललंय, अशी सगळ्यांची समजूत होती.

क्लबाचा माळी मालवणकडचा. त्याच्या ताब्यात पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन होतं. त्याला सगळे फटफटी म्हणत. ते सुरू झालं की निळा धूर सोडी आणि शेजारच्या रस्त्यावरची कुत्री भुंकू लागत. माळ्याने अकरा वर्षं लालबागला गाववाल्यांच्या खोलीत काढली होती. वळकटी टाकण्यापुरती जागा, जेवण खानावळीत, बायको गावाला. क्लबाने मागच्या मैदानाला लागून त्याला एक खोली दिली, तेव्हा कुठे त्याने बायकोला आणलं. त्या आठवड्यात तो मला चार वेळा म्हणाला, "सायब, आता घराकडचा जेवान जेवतंय." चारही वेळा बातमी ताजी असल्यासारखं तोंड करून.

वर्ष सरायच्या आत त्या बाईला दम्याने गाठलं. चिमण्यांचा धूर होताच, त्यात खोलीसमोर उभ्या राहणाऱ्या मोटारी आणि नवऱ्याची फटफटी. रविवारी गिरण्यांना सुट्टी असली, तरी मोटारींना जोर यायचा. रात्र रात्र ती भिंतीला टेकून बसून काढी. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं, धुरापासून लांब ठेवा, नाहीतर गावी धाडा. गावी धाडायचं म्हणजे पुन्हा खानावळ.

माळ्याने मला अर्ज लिहायला सांगितला. मागच्या खोलीऐवजी फाटकाजवळची रिकामी कोठडी मिळावी, निदान खिडकीसमोर तरी फटफटी चालवू नये, एवढंच मागणं. मी वळणदार अक्षरात 'सेवेशी सविनय सादर' असा आरंभ केला आणि 'तरी मेहेरबानी व्हावी' असा शेवट केला. असे तीन अर्ज लिहिले. तिन्ही 'विचाराधीन' या शेऱ्याखाली माझ्याच कपाटात येऊन पडले.

मग एका शनिवारी चहाच्या वेळी अध्यक्षांच्या पत्नीला शिंक आली. एकच. फटफटी नेमकी व्हरांड्यासमोर होती. बाई म्हणाल्या, सँडविचला पेट्रोलचा वास येतो. झालं! दाखलेवाल्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे फुप्फुसांवर व्याख्यान दिलं. सॉलिसिटरांना आठवलं की विलायतेत विजेवर चालणारं मशीन असतं, धूर नाही, वास नाही. माळ्याच्या अर्जांना जे वर्षभरात जमलं नाही ते एका शिंकेने पंधरा दिवसांत केलं.

नवं मशीन आलं. त्याला हार घातला, नारळ फोडला. अध्यक्ष म्हणाले, "परळची हवा शुद्ध करण्याची ही सुरुवात आहे." इतक्यात त्यांच्याच गिरणीचा भोंगा झाला आणि भाषण थांबवावं लागलं. भोंगा संपेपर्यंत पुढचं वाक्य ते विसरले होते.

मशीनला लांबलचक वायर होती. ती व्हरांड्यातल्या पंख्याच्या जागी लावावी लागे, त्यामुळे मशीन चालू असेपर्यंत सभासद शुद्ध हवेत घामाघूम होऊन बसत. शिवाय वायर पात्यात जाऊ नये म्हणून ती धरून मागून चालायला एक माणूस लागे. त्यासाठी वेगळा माणूस ठेवायला कमिटी तयार नव्हती. तेव्हा दर शनिवारी, मी, मॅट्रिक, इंग्रजी टायपिंग येणारा, इस्त्रीची पँट सावरत माळ्यामागून वायर धरून हिंडू लागलो. "सायब, वायर ढिली सोडा, ओढू नकात," माळी मागे न बघता सांगायचा.

वायर मागच्या मैदानापर्यंत पोचत नव्हती. कमिटीत प्रश्न आला. मैदान मोठं, गवत वाढलं तर साप निघतील, मोटारींत शिरतील. सेक्रेटरीसाहेबांनी ठराव सांगितला आणि मी लिहून घेतला: पुढची हिरवळ विजेच्या मशीनने कापावी, मागचं मैदान जुन्याच मशीनने कापावं, कारण तिथे कोणी बसत नाही.

तिथे कोण बसतं हे मला माहीत होतं. ती खिडकी, भिंतीला टेकलेली ती बाई मी पाहिली होती. नुसतं 'साहेब, तिथे माळ्याची खोली आहे' म्हणायचं होतं. मी 'कोणी' या शब्दावर अनुस्वार नाही ना, एवढंच पाहिलं आणि वही सहीला पुढे केली. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

माळी विळा घेऊन मागचं गवत कापू लागला, तर सेक्रेटरीसाहेबांनी त्याला झापलं. मशीन असताना विळा कशाला? तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तो स्वतःच्या हाताने स्वतःच्या खिडकीत धूर सोडायचा. फटफटी सुरू करण्याआधी जाऊन खिडकी ओढून घ्यायचा आणि खाली फटीत ओलं फडकं कोंबायचा. फडकं काळं व्हायचं.

पुढे हरताळ झाला. मुंबई आदल्या संध्याकाळपासूनच कडकडीत बंद. लालबागहून मोर्चा परळकडे आला, त्यात मी होतो. घशाला कोरड पडली म्हणून पाणी प्यायला क्लबात शिरलो. फाटक उघडं, आत एकही मोटार नाही. पुढच्या हिरवळीवर, जिथे सभासदांच्या खुर्च्या असत तिथे, माळ्याची बायको पाय पसरून बसली होती. माळी शेजारी उकिडवा बसून पानं लावत होता. तिने मला तांब्याभर पाणी आणून दिलं, तेही धाप न लागता.

"धूर खंय गेलो आज?" ती म्हणाली. "रातीक आडवी होऊन झोपलंय. किती दिवसांनी!"

मी वर पाहिलं. चिमण्या नुसत्या उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे चक्क निळं आभाळ होतं. परळला आभाळ आहे हे मला तेव्हा कळलं. माळी हसत होता. अर्ज मंजूर झाल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता, आणि मलाही फार बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात कमिटीची बैठक भरली. अध्यक्ष म्हणाले, "त्या दिवशी मी घरच्या गच्चीवरून मुद्दाम बघितलं. हवा काय स्वच्छ होती! आपल्या विजेच्या मशीनचा गुण दिसायला लागला." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवशी मशीन कोपऱ्यात पडून होतं, हे कोणाला सुचलं नाही. मला सुचलं, तरी मी ठराव लिहायला पेन उघडलं. ठराव झाला: परिसरातील हवा समाधानकारकरीत्या सुधारली आहे, सबब माळ्याचे तिन्ही अर्ज निकाली काढण्यात येत आहेत.

माळ्याने मला ठराव वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. त्याने 'सबब' म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. त्याने हातातली कात्री पुसून ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे हरताळ झालो म्हणून आमचो अर्ज गेलो." पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटींपैकी एका बोटीने बायको गावी गेली. मी भाऊच्या धक्क्यावर पोचवायला गेलो होतो. तिचं गाठोडं मी उचललं, तेवढीच माझी मदत.

त्यानंतर बऱ्याच शनिवारी मी वायर धरून त्याच्यामागून चाललो. तो खानावळीचा डबा झाडाखाली ठेवायचा. फटफटी सुरू करण्याआधी आता खिडकी ओढायची गरज नव्हती.

शेवटी महाराष्ट्र राज्य झालं. क्लबाने हिरवळीवर विजेचे दिवे लावले. अध्यक्ष, जे आम्हा मोर्चेवाल्यांना गुंड म्हणायचे, त्यांनीच पेढे वाटले. मी आनंदाने वेडा झालो होतो. पेढ्यांची परात घेऊन माळ्याकडे गेलो, त्याच्या हातावर दोन ठेवले. त्याने एक खाल्ला. दुसरा कागदात गुंडाळून खिशात टाकला, गावी जाणाऱ्या कोणाबरोबर पाठवायला.

मग मला म्हणाला, रागाने नव्हे, खरंच माहीत करून घ्यायचं असावं तसं, "सायब, तुमी मैदानात 'झालाच पाहिजे' म्हणून वरडलास, आनि महाराष्ट्र झालो. माज्या अर्जात ताच कित्याक लिवलास नाय?"

परातीत पेढे उरले होते. मी त्यातला एक पटकन तोंडात टाकला, म्हणजे बोलावं लागणार नाही.