आपल्या माणसाला वाट नाही

रस्ता अडवणारा माणूस अडकलेल्या गाड्यांपुढे हात जोडत फिरतो, हे तुम्ही कधी पाहिलंय? आमचे तात्या फिरायचे. माझे थोरले चुलते. आमचं गाव कालव्याच्या अगदी टोकाला, टेलला. वरची गावं भिजली की आमच्यापर्यंत नुसती ओल यायची. मग पाण्यासाठी गाव काष्टीच्या रस्त्यावर बसे. पुढारी फोटोपुरते मध्ये बसत आणि तात्या गाड्यांच्या रांगेत जात. खिडकीत डोकं घालून म्हणत, "रस्ता काय आमच्या बापाचा न्हाई. तासभर मागून घेतलाय. शिव्या द्यायच्या तर मला द्या, पोरांना नको." लोक देतही. तात्या ऐकून घेत आणि पुढच्या गाडीकडे वळत.

कुणाला सोडायचं ते तेच ठरवत. दवाखान्याची गाडी, मयताची गाडी, बाळंतीण, परीक्षेची पोरं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल खाली केला की बसलेली माणसं उठून वाट देत. गावातली टारगट पोरं त्यांना 'गेटमन' म्हणत. एकदा त्यांनी नवरदेवाची गाडी सोडली आणि वऱ्हाडाची बस ठेवून घेतली. "लगीन त्येचं हाय, तुमचं नुसतं जेवान हाय. जेवान थांबतं," म्हणाले.

एक नियम मात्र फार वाईट होता. आपल्या माणसाला वाट नाही. त्यालाही कारण होतं. पूर्वी एकदा त्यांनी भाच्याचा कांद्याचा टेम्पो सोडला. मागच्या रांगेत बोंब झाली, दगड आले आणि एका एसटी कंडक्टरचं डोकं फुटलं. त्या बिचाऱ्याचा आमच्या पाण्याशी काय संबंध? तो बरा होईपर्यंत तात्या दवाखान्यात त्याचा डबा घेऊन जात. त्यानंतर घरच्या दुधाच्या गाडीलासुद्धा त्यांनी वाट दिली नाही. दूध नासलं, काकूंनी अबोला धरला.

मी तेव्हा तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. घरात सगळ्यांना माझ्या लग्नाची घाई. आड उभे होते ते एकटे तात्या. "पोरगी सायबीन झाल्याबिगर लग्नाचं नाव काढायचं न्हाई," असं माझ्या वडिलांना दरडावून सांगत. नगरहून पुस्तकं तेच आणत, चुकीची आणत, पुन्हा जाऊन बदलून आणत. वयाच्या अटीत बसणारी ती माझी शेवटची परीक्षा होती, आणि हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

परीक्षा नगरला होती. त्याच दिवशी दुपारी रास्ता रोको ठरलं होतं, म्हणून मी सकाळीच वडापच्या जीपमध्ये बसले. पण पोलीस धरपकड करणार अशी कुणकुण लागली आणि माणसं सकाळीच रस्त्यावर येऊन बसली. जीपमध्ये शेजारच्या गावच्या तीन मुली होत्या, त्याच परीक्षेच्या. तात्यांनी डोकावून त्यांची हॉलतिकिटं पाहिली. मग त्यांना मी दिसले. तोंडच उतरलं त्यांचं.

"पोरी, तू उतर."

"तात्या, शेवटची संधी आहे माझी."

"ठाव हाय मला. पर मागं आपल्याच गावच्या गाड्या थांबवल्यात. पुतनी गेली म्हनून दगुड उचलत्याल. तुज्यापायी आता कुनाचं डोकं फुटू देऊ? उतर."

उतरले. त्यांनी टॉवेल खाली केला, जीप गेली. मी नगरच्या दिशेनं, पलीकडच्या रांगेच्या कडेकडेनं चालत सुटले. पार दुसऱ्या टोकाला एक मोटारसायकलवाला माघारी वळायला तयार झाला, पण तोवर फार उशीर झाला होता. नगरला पोचले तर गेट बंद. वॉचमनला हात जोडले. तो म्हणाला, "ताई, नियम आहे." त्या दिवशी ज्याला त्याला नियमच होता.

आठवड्यात पाणी सुटलं. टेलपर्यंत आलं, आमच्याही रानात आलं. पुढाऱ्यांचे सत्कार झाले आणि केस तात्यांवर झाली. कोर्टाच्या तारखांना ते एकटेच जात. त्या तीन मुलींमधली एक आता आमच्याच भागात तलाठी आहे. सातबाऱ्यासाठी गेलं की मला खुर्ची देते, चहा मागवते. गुणी मुलगी आहे. पण तो चहा मी टेबलावर तसाच ठेवून येते.

मला तात्यांचं पटलं नाही, आजही पटत नाही. पाणी हक्काचं होतं, मग माझी परीक्षा काय उसनी होती? मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. वडिलांनी वर्षाच्या आत माझं लग्न उरकलं. तात्या मांडवात आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेले.

शेवटच्या आजारपणात मी त्यांना भेटायला गेले. काकू चहाचं निमित्त करून आत गेल्या. मला वाटलं, आता तरी म्हणतील, चुकलं. तात्या बराच वेळ खोकत राहिले. मग म्हणाले, "परत तीच येळ आली तर परत उतरवीन तुला. खोटं कशाला बोलू?" माझा हात धरला. "पर तू मला माफ करू नको, पोरी. लोक म्हनत्याल, गावासाठी केलं, इसरून जा. तू इसरू नको."

महिन्याभरात ते गेले. गाव त्यांना देवमाणूस म्हणतं, आणि ते होतेच. त्यांनी मला जेवढा जीव लावला तेवढा बापानंही लावला नाही. आठवण आली की रडू आवरत नाही मला. पण माफ केलेलं नाही. त्यांचा तेवढा शब्द मी पाळला आहे.