सगळ्यांनाच पहिला नंबर

घाटकोपरच्या पंतनगरात वाढलेल्या संघमित्राला कुणाला नाही म्हणताच येत नसे. जयंतीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन असो की शेजारणीच्या आधार कार्डावरचा पत्ता बदलणं असो, सगळं हिच्याच गळ्यात. ऑफिसातही तेच. अंधेरीतल्या एका आरोग्यविमा कंपनीचा मेनफ्रेम, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार पेलणारा दांडगा संगणक, ती सांभाळायची. त्यावर एकाच वेळी ढीगभर कामं चालत. गर्दी झाली की आधी कोणाला चालू द्यायचं, हे तिनं ठरवायचं. कुणीही यावं, "आमचं जरा वर घे ना गं" म्हणावं, आणि हिनं हसून घ्यावं. असं करता करता जवळपास सगळीच कामं पहिल्या नंबरावर जाऊन बसली.

मार्चातल्या एका दुपारी क्लेम विभागातली दर्शना धापा टाकत आली. "वाट लागलीय यार! पेशंट घरी जायचे कपडे घालून बसलेत, हॉस्पिटलं मंजुरीसाठी बोंबलतायत, आणि आमच्याकडे एकही मेसेज पोचत नाहीये!"

संघमित्रानं स्क्रीन उघडली. मशीन तुडुंब भरलेलं. हिशेब विभागातल्या अनंत सरांचे वर्षअखेरचे रिपोर्ट जोरात पळत होते. हॉस्पिटलांचे मेसेज रांगेत धरून पुढच्या प्रोग्रामकडे पोचवणारं क्यूचं सॉफ्टवेअर मात्र त्याच गर्दीत आपली पाळी यायची वाट बघत खोळंबलेलं. ज्याच्या जिवावर बाकीचे काम करणार, तेच अडलेलं! सगळ्यांनाच पहिला नंबर दिल्यावर मशीन तरी कोणाला वाट करून देणार?

"करते काहीतरी," म्हणत ती उठली. पण आधी अनंत सरांशी बोलायला हवं होतं. निवृत्तीला आलेले, मालवणकडचे सर डबा उघडून बसले होते.

"सर, तुमचे रिपोर्ट खाली घेतेय."

"खाली? काय गो, वर्षअखेर आसा, ठाऊक आसा मां तुका?"

नेहमीचं "बरं सर" अगदी ओठांवर आलं. ते तिनं गिळलं.

"नाही सर. रिपोर्ट संध्याकाळी आला तर चालतं. मंजुरी अडली तर बरा झालेला माणूस खाटेवर अडकून पडतो."

"मगे वरसून फोन इलो तर तू घे."

"घेते."

तिनं क्यूचं सॉफ्टवेअर सगळ्या विभागांच्या वर नेलं, त्याखाली मंजुऱ्या ठेवल्या, रिपोर्ट तळाला. नवी मांडणी लागू केली आणि स्क्रीनकडे बघत बसली. रांगेतल्या मेसेजचा आकडा जरा थबकला, मग भराभर उतरायला लागला. दर्शनाचा फोन आला, "सुटले गं! झकास!"

वरूनही फोन आला. साहेबांनी चांगलंच झापलं, तिनं ऐकून घेतलं, मग शांतपणे कारण सांगितलं. "पुढच्या वेळी आधी कळव," एवढ्यावर निभावलं. दुसऱ्या दिवशी बाकीचे विभाग रुसून आले, "आमचं का खाली?" तिनं सगळ्यांना तेच सांगितलं. पहिल्यांदा सांगताना शब्द शोधावे लागले, शेवटी शेवटी तर मजा यायला लागली.

अनंत सर काही दिवस तिच्याकडे बघेनात. मग एका सकाळी स्वतःच टेबलाशी येऊन उभे राहिले.

"ऑफिस भरूच्या आधीच रिपोर्ट सोडले तर? तेव्हा मशीन रिकामाच आसता ना?"

"एकदम रिकामं, सर," ती म्हणाली आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.