बर्फातल्या फोटोंत मी का नाही

आज बार्बेक्यूला आलेल्यांना आमच्या आर्क्टिक ट्रिपचे फोटो दाखवताना नवरा हसत म्हणाला, “हिला थंडी सोसत नाही, केबिनमध्येच बसून असायची!”

डोकंच फिरलं माझं!

कुत्र्यांच्या स्लेजवर हे बापलेक. स्नोमोबाईलवरही हेच बापलेक. आणि मी? “तिथलं जेवण नको, आल्यावर गरम खिचडी हवी,” ही या दोघांची फर्माईश, म्हणून थेट कालगुर्लीच्या आमच्या घरून नेलेल्या राइस कुकरपाशी!

सगळ्यांसमोर विचारलंच मी, “आणि रोज खिचडी कोण करत होतं?”

लेक म्हणाली, “बट मम, यू नेव्हर सेड यू वॉन्टेड टू कम.”

मैत्रिणींनो, जगाच्या टोकाला कुणी खिचडी शिजवायला जातं का? की तेही बोलून दाखवावं लागतं?