भातगिरणीची भिंत

सन १९४६. मी वीस वर्षांचा. कर्जत स्टेशनाबाहेर भजी तळायचो. समोर भातगिरणीची लांब भिंत. गाडीतून उतरला की जो तो धोतर सावरत तिच्याकडं तोंड करून उभा. शेटपासून हमालापर्यंत सगळे. उन्हं चढली की असा वास सुटायचा, की गिऱ्हाईक नाकाला फडकं लावून यायचं न् निम्म्यातून परत फिरायचं. मी दोन इयत्ता शिकलेला, पण एवढी घाण माझ्या गोठ्यातपण नव्हती. दुकान मोडायच्या बेताला आलं.

गिरणीवाल्यानं पाटी लावली. लोक पाटीखालीच उभे राहू लागले.

मला सरपणाची मोळी घालणारी एक ठाकरीण होती, डोंगरातल्या आदिवासी वाडीवरची. लग्नात त्या बाया तांदळाच्या पिठानं भिंतीवर चित्रं काढतात, ते मी पाहिलेलं. तिला म्हटलं, इथं काढ.

ती हसली. "लगीन कुणाचं? तुझं रं?"

लग्नाबिगर तो चित्राचा चौक काढत नाहीत, त्यात देव असतो, त्याला या घाणीत बसवू काय, म्हणाली. मग म्हणाली, देव सोडून बाकीचं काढीन, पण भिंत आधी तू धू.

धुतली. अख्ख्या बाजाराचं मूत मी एकट्यानं खरवडलं. ओकलो, परत खरवडलं. शेण-गेरूनं सारवली. तिनं न् तिच्या जावेनं मोर काढले, नाचणाऱ्यांचा मोठा फेर काढला. त्या दिवसापासून तिथं कोणी उभा राहीना. मला वाटलं, चित्राची लाज वाटली. कसली लाज! ठाकरांनी भिंत भारलीय, मुतलं तर अंग वाळतं, अशी आवई उठलेली. थू असल्या अकलेवर. पण वास गेला. बाया भाजीच्या पाट्या घेऊन तिथं बसू लागल्या, माणसं फेर बघत रेंगाळू लागली, माझी कढई उतरेना.

मग कोणी पुढारी यायचे ठरले. सभेसाठी व्यापाऱ्यांनी भिंतीला चुना फासायला घेतला. मी आडवा गेलो.

त्यांतला एक शेट म्हणाला, "पाव्हण्याला जंगली काम दाखवायचं होय रं?"

फासला चुना. भाषणं झाली, हार पडले, आणि सभेतले तेच टोपीवाले ओळीनं त्या पांढऱ्या भिंतीला उभे. आता भय कशाचं? भाजीवाल्या पाट्या उचलून निघून गेल्या. एकानं तर तिथूनच मान वळवून मला भजी बांधायला सांगितली. नाही दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवली नाही. चित्राच्या पिठासाठी घरातले रेशनचे तांदूळ फडक्यात बांधले न् ठाकरांच्या वाडीची वाट धरली.