सहावीचा फॅरो आणि आमचं रविवारचं जेवण

अन्याय सहावीच्या बत्तीस मुलांवर झाला. श्रावण लागायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी, दुपारी सव्वा वाजता. गुन्हेगार मी. पुरावाही मीच खाल्ला, वर लिंबू पिळून.

हे आधीच सांगून टाकतो, कारण आरोपीचं नाव शेवटपर्यंत दडवणारी पत्रकं मला आवडत नाहीत. (मी पत्रकं काढतो. खड्डे, प्लॅस्टिक, नळाचं पाणी... आमच्या गावात माझ्या संतापातून काही सुटलेलं नाही.)

आमच्या वहिनी गावच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवतात. दादा मुंबईला नोकरीत, वहिनी इथे आमच्याबरोबर. पुस्तकात इजिप्तची संस्कृती चार ओळींत उरकलेली. वहिनींना उरकणं जमत नाही. शाळा सुरू झाली त्या आठवड्यात त्या बर्फातला एक दांडगा बांगडा घेऊन वर्गात गेल्या आणि म्हणाल्या, तिथले लोक राजाचं शव कसं टिकवायचे ते वाचायचं नाही, करून बघायचं. मुलांनी बांगडा साफ केला, पोटात लवंगा-दालचिनी भरली, मीठ आणि खायच्या सोड्यात तो पुरला, आणि रोज बाहेर काढून, वजन करून वहीत लिहिलं. चाळीस दिवस! मग कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळून पट्ट्यांवर डोळा, पक्षी, लाटा अशी चित्रलिपी काढली. नाव ठेवलं बांगडाहोतेप पहिला. शुक्रवारी तालुक्याच्या प्रदर्शनात तो मांडायचा होता.

पण पावसाळी हवेत वर्गातल्या मिठाला पाणी सुटायला लागलं. म्हणून वहिनींनी राजाला मिठासकट पत्र्याच्या डब्यात घालून घरी आणलं आणि चुलीच्या वरच्या फळीवर ठेवलं. हे त्यांनी जेवताना सगळ्यांना नीट सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा बोलत होतो. आईबाबांना माझं ऐकायला लागत होतं.

आता तो रविवार. दुसऱ्या दिवसापासून महिनाभर घरात मासा नाही. मासेमारी बंद, त्यामुळे बाजारात ताजं काही नाही. आईचा सुक्या मासळीचा साठा संपलेला, आणि बाबा सकाळपासून पडवीत बसून सुस्कारे टाकतायत. वहिनी प्रशिक्षणाला चिपळूणला गेलेल्या. अशा आणीबाणीत कार्यकर्त्याने पुढे व्हायचं असतं. मी फळीवरचा डबा काढला. आत मीठ, मिठात गाठोडं, गाठोड्यात बांगडा. प्लॅस्टिकविरोधी पत्रक मीच काढलेलं, त्यामुळे जुन्या कापडात गुंडाळलेला मासा बघून मला वहिनींचा अभिमानच वाटला!

मी अकरा वेढे सोडले, डबा होता तसा बंद करून वर ठेवला आणि बांगडा आईच्या हवाली केला. आईने तो भिजवला, धुतला, भाजला. बाबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. म्हणाले, एवढ्या वर्षांत असा खारा बांगडा खाल्ला नाही. पोटात मसाला भरून सुकवण्याची अक्कल ज्या कुणाची, त्या माणसाला भेटायला हवं.

रात्री परतलेल्या वहिनी सोमवारी सकाळी डबा न उघडता तसाच शाळेत घेऊन गेल्या. दुपारी शाळेतून रडत येणाऱ्या पोरांची रांग दिसली. सगळ्यात पुढे तन्वी. तिचे बाबा मालवाहू बोटीवर असतात. ती नाक पुसत म्हणाली, "काका, आमचा फॅरो चोरीला गेला."

फॅरो म्हणजे इजिप्तचा राजा, एवढं मला माहीत होतं. वर्गातला फॅरो नेमका कशाचा, हे मी विचारलं नाही. पुतळा असेल असं धरून चाललो. काय गेलं यापेक्षा कुणाचं गेलं हे आम्हा लोकांना महत्त्वाचं. तासाभरात पत्रक तयार. मथळा: 'मुलांचा राजा गिळंकृत करणाऱ्या पोटभरूंचा जाहीर धिक्कार!' साठ प्रती काढल्या. दुकान, देऊळ, ग्रामपंचायत, सगळीकडे चिकटवल्या. एक आमच्याच दारावर.

वहिनी संध्याकाळी शाळेतून आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी पत्रक पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं. शुद्धलेखनाच्या दोन चुका लाल पेनने दुरुस्त केल्या. मग शांतपणे विचारलं, "भावजी, काल जेवायला काय होतं?"

"बांगडा."

"कुठला?"

मी फळीवरच्या डब्याच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं. "मेल्या," ती म्हणाली, "राजाला भाजायला लावलंस माझ्याकडून?"

बाबा म्हणाले, "चवीला बरा होता पण."

भरपाई अशक्य होती. मासा मिळाला तरी चाळीस दिवस कुठून आणायचे? मंगळवारी वहिनी मला वर्गात घेऊन गेल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तन्वी उभी. पट्टीवर लिहिलेलं वाचलं नाहीत का, असं तिने विचारलं. मला ती नक्षी वाटली होती.

"नक्षी नाही, शाप होता. जो मला उघडेल त्याचं पोट सात दिवस दुखेल. दुखलं का?"

"नाही."

"जरासुद्धा?"

बत्तीस चेहरे पडले. मी एखादी कळ आणायचा प्रामाणिक प्रयत्न केला. वहिनींनी मात्र फळ्यावर लिहिलं: 'दोन दिवस झाले. शाप अजून लागू पडलेला नाही.' आणि म्हणाल्या, "पुरावा मिळेल तेवढंच लिहायचं. उरलेल्या पाच दिवसांची जागा मोकळी सोडा."

मग तन्वीने हळूच विचारलं, "बाई, प्रदर्शनाला शव तर पाहिजेच ना?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

शुक्रवारी मी दोन तास बाकावर आडवा होतो. टाचेपासून टाळूपर्यंत जुन्या धोतराच्या पट्ट्या, नाकाला तेवढी फट. तोंडही बांधलेलं. (यावर मुलांचं लगेच एकमत झालं होतं.) एक पाहुणे आले आणि त्यांनी तन्वीला अडवलं. इजिप्तची नाईल नकाशात खालून वर जाते, नदी वर कशी चढेल?

पट्ट्यांच्या आत मी उत्तर शोधू लागलो. सापडेना.

"नकाशात वर म्हणजे उंच नाही, उत्तर," तन्वी म्हणाली. "पाणी उताराकडेच जातं. आपली वाशिष्ठी सह्याद्रीवरून पश्चिमेला उतरते, ती तिकडच्या डोंगरांतून उत्तरेला. पुढे समुद्र. तिथल्या कालव्यातून माझ्या बाबांची बोट जाते."

मग एका मुलाने चाळीस दिवसांची वही उघडून सुरुवातीला वजन भराभर का घटलं ते सांगितलं. दुसऱ्याने मिठाने पाणी कसं ओढलं ते सांगितलं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'राजा खाल्ला गेला. खराब झाला नव्हता, म्हणजे पद्धत यशस्वी.' पाहुण्यांनी वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. वहिनी मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या, एक शब्द न बोलता. मला सत्ताविसाव्या वर्षी नाईल समजली, आणि आमच्या घरात कोण राहतं तेही.

म्हणून माझी मागणी आहे, तुमच्याकडे. या आठवड्यात तुमच्या गावच्या शाळेत जा, बाईंची परवानगी घ्या, मागच्या बाकावर बसून इतिहास-भूगोलाचा एक तास गप्प ऐका. त्याआधी 'शिक्षणाचा खेळखंडोबा' या विषयावर एक ओळही लिहू नका. मी त्यावर सात पत्रकं लिहिली आहेत. कुठे चिकटलेली दिसली तर कृपया फाडून टाका. खळ मी चांगली वापरतो, जरा जोर लावावा लागेल.